घड्याळाच्या काट्यावरचा रंग काटा बसवतानाच उडतो. घरच्या घरी टिकाऊ फिनिश कसं मिळवायचं?

काटकोन

घड्याळाचं मशीन सेइको एनएच३५ आहे. काटे पितळेचे, वर चकचकीत पांढरी प्लेटिंग, ल्यूम (अंधारात चमकणारा लेप) नाही. तास आणि मिनिट काटा मॅट काळा करायचा आहे, सेकंद काटा नारिंगी. शिवाय स्टीलच्या बेझलवर (काचेभोवतीच्या कड्यावर) आकडे कोरलेले आहेत, त्यात पांढरा रंग भरायचा आहे.

आतापर्यंतचा क्रम असा: आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, मोटारीच्या स्प्रे डब्यातल्या प्रायमरचा एक हात, त्यावर अॅक्रिलिक रंगाचे दोन आणि क्लिअरचा (पारदर्शक थराचा) एक. डबा काट्यापासून वीतभर लांब धरला होता. दोन दिवस तसंच वाळवलं.

तीन अडचणी आल्या.

१. मिनिट काटा दाबून बसवताना भोकाभोवतीचा रंग टवका होऊन उडाला. टवक्याखाली प्लेटिंग आरशासारखी स्वच्छ, प्रायमरचा कणही शिल्लक नाही.

२. सेकंद काट्याच्या कडांना धातू उघडा दिसतो. शिवाय तो काटा आधी बसतच नव्हता. जरा जोर दिल्यावर बसला आणि तासाभरात सैल होऊन पडला.

३. बेझलच्या आकड्यांत हस्तकलेचा अॅक्रिलिक रंग भरला होता. तो पहिल्याच धुण्यात अख्ख्या अंकाच्या आकारात उचलून आला.

एअरब्रश आहे (०.३ मिमी नोझल), छोटा टेबलावरचा ओव्हन आहे. स्प्रे बूथ नाही. रंग बदलू की पद्धत बदलू?

पितळी

पद्धत बदला. टवक्याखाली प्लेटिंग आरशासारखी निघाली, यातच निदान आलं: अस्तराने (प्रायमरने) धातूला धरलेलंच नव्हतं. त्यावर कितीही महागडा रंग मारला तरी तो सालपटासारखाच निघणार.

दुसरी चूक जाडीची. मोटारीचं फिलर प्रायमर पत्र्यावरचे ओरखडे बुजवण्यासाठी असतं, त्याचा एक भरपूर हात सहज ३०-४० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे ०.००१ मिमी) होतो. वर रंगाचे दोन हात आणि क्लिअर धरलं तर एका बाजूला ८०-१०० मायक्रॉन. मिनिट काटाच जेमतेम ०.१५ मिमी जाड असतो, म्हणजे तुम्ही काट्याच्या निम्म्याहून जास्त जाडीचं कवच चढवलं. काटा दाबताना पितळ किंचित लवतं. जाड कवच लवत नाही, तडकतं. एकूण थर २५ ते ३० मायक्रॉनमध्ये बसवा: अस्तर ५ ते १०, बाकी रंग. वेगळं क्लिअर नको. काट्याला काचेखाली कुणी हात लावणार नाही.

जाडी मोजायला काट्याशेजारी पितळेची एक गुळगुळीत पट्टी ठेवून तिच्यावरही तेवढेच हात मारा, फक्त एका बाजूने. आधी आणि नंतर मायक्रोमीटरने मोजा. ०.०१ मिमीचा साधा मायक्रोमीटर असला तरी २० आणि ८० मधला फरक लपत नाही.

आता तयारी. सगळा टिकाऊपणा इथेच ठरतो.

जुना रंग अॅसिटोनमध्ये १०-१५ मिनिटं भिजवून मऊ ब्रशने काढा. खरवडू नका, काटा वाकतो. मग भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, पाण्याने खळखळून काढा, शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिल. पुसण्यापेक्षा बुडवून काढलेलं बरं, कारण फडक्याने तेल फक्त इकडचं तिकडे होतं. गॅस्केटचं (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याचं) सिलिकॉन ग्रीस टेबलावर असेल तर आधी तिथून हलवा. त्याचा अंश जरी बोटाला असला तरी रंगात गोल खळगे पडतात, आणि ते वरून आणखी रंग मारून बुजत नाहीत.

मग खरबरीत करणं. प्लेटिंग निकेलची असो वा ऱ्होडियमची, गुळगुळीत असेल तर रंगाला पकडायला काही नसतं. ऱ्होडियमवर तर एच प्रायमरमधल्या (एच म्हणजे धातूला किंचित खाऊन पकड घेणारं) फॉस्फोरिक आम्लाचाही उपयोग नाही, ते त्याला चावतच नाही. १५०० नंबरचा पॉलिश पेपर काचेवर चिकटवा, पाण्याचा थेंब टाका, काटा पालथा ठेवून बोटाच्या पेराने हलकेच सात-आठ वेळा गोल फिरवा. चमक जाऊन सर्वत्र एकसारखा धुरकट राखाडीपणा आला की थांबा. लूपमधून (घड्याळजीच्या भिंगातून) बघा, एखादं चमकणारं बेट राहिलं असेल तर टवका तिथूनच उडणार. सेकंद काट्याला खाली नळी असते, तो काचेवर उताणा-पालथा करता येत नाही. तो लाकडी ठोकळ्याच्या भोकात नळी घालून सपाट ठेवा आणि कागदाचा तुकडा काडीच्या टोकाला चिकटवून घासा, मधून टोकाकडे. टोकाकडून मध्याकडे घासाल तर काटा अडकून दुमडतो.

कडा उघड्या पडतात त्याचं कारण वेगळं आहे. ओला रंग धारेवरून मागे सरकतो, पृष्ठताणामुळे. उपाय दोन: २००० नंबरच्या कागदाने धार अगदी एकदा, तिरकी, फुंकर मारल्यासारखी मोडायची, आणि पहिला फवारा वरून न मारता चारी बाजूंनी कडांवर मारायचा.

अस्तर: प्लेटिंग शाबूत असेल तर मॉडेलवाल्यांचं (छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्यांचं) धातूसाठीचं पारदर्शक रेझिन प्रायमर, एअरब्रशने, एकच हात. घासताना पितळ उघडं पडलं असेल तर एच प्रायमर चालेल, तोही इतका पातळ की खालचा धातू दिसत राहावा. घासल्यानंतर तासा-दोन तासांत अस्तर लागलं पाहिजे. उघडं पितळ तोवर स्वच्छ असतं, दुसऱ्या दिवशी नसतं.

काट्याआधी त्या पट्टीवर चाचणी घ्या. पूर्ण वाळल्यावर नव्या ब्लेडने १ मिमी अंतराने सहा उभ्या आणि सहा आडव्या चिरा, म्हणजे २५ चौकोन. त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. चिरांच्या कडा स्वच्छ राहायला हव्यात, एकही चौकोन निघता कामा नये. मग पट्टी ३ मिमीच्या ड्रिलच्या दांड्यावर रंग बाहेरच्या बाजूला ठेवून वाकवा. इथे तडा गेला तर काटा दाबतानाही जाणार.

लंबक

पितळी यांच्या तयारीला पूर्ण अनुमोदन. तुमचा सेकंद काटा पडला त्याचं कारण भोकात आहे.

एनएच३५ च्या काट्यांची भोकं १.५०, ०.९० आणि ०.२० मिमी. आतल्या भिंतीवर २० मायक्रॉन रंग बसला तर व्यासातून ०.०४ मिमी जातात. तास काट्याला हे कसंबसं खपतं. सेकंद काट्याचं ०.२० चं भोक मात्र ०.१६ होतं, म्हणजे पाचवा हिस्सा गेला. जोर दिला की आतला रंग सोलला जातो, कधी नळीही किंचित फाकते, आणि उरलेल्या भुकटीवर काटा घसरतो. आता नळी फाकली आहे का ते आधी बघा. फाकली असेल तर रंगवण्यात वेळ घालवू नका, दुसरा काटा घ्या.

भोक झाकण्याचा सोपा मार्ग म्हणजे काटा ज्यावर धरायचा तीच वस्तू बूच म्हणून वापरायची.

तास आणि मिनिट काट्याला बांबूची टोकदार दातकोरणी. खालून घाला, बोटाच्या जोराने अडकेल एवढीच. वर आलेलं टोक अर्ध्या मिलिमीटरवर कापा. लांब टोक ठेवलं की त्याच्या बुंध्याशी रंगाची कॉलर चढते. सेकंद काट्याला ०.१८ किंवा ०.२० मिमीची अॅक्युपंक्चरची सुई उत्तम. नळीत खालून सरकवा, मूठ कॉर्कच्या बुचात रोवा.

आता सगळ्यात जास्त हुकणारी गोष्ट: काडी कधी काढायची. पूर्ण वाळल्यावर काढाल तर काडी आणि काटा यांच्यावर पसरलेला रंगाचा पापुद्रा एकसंध झालेला असतो, काडीबरोबर भोकाच्या कडेचा रंग फाटून येतो. लगेच काढाल तर रंग आत ओघळतो. शेवटच्या हातानंतर १५-२० मिनिटांनी, शेजारच्या पट्टीला बोट लावलं तर चिकटत नाही पण नख रुततं, त्या वेळी काडी जागच्या जागी गोल फिरवून सोडवा आणि सरळ खाली ओढा. लूपखाली भोकाची कडा कापल्यासारखी गोल दिसली पाहिजे. आत थोडा रंग गेलाच असेल तर थिनरमध्ये बुडवून झटकलेली नवी दातकोरणी एकदा फिरवा. ब्रोच (भोक मोठं करायची निमुळती कानस) घालू नका, तो पितळही कापतो आणि काटा कायमचा सैल होतो.

तास काट्याचं डोकं मिनिट काट्याखाली झाकलं जातं. तिथे भोकाभोवती टेपची छोटी चकती लावून धातू उघडाच ठेवला तर दाब रंगावर येतच नाही. मिनिट काट्याला हे जमेल का ते सेकंद काट्याच्या डोक्याच्या रुंदीवर आहे.

फवारा: ०.३ नोझल चालेल. अॅक्रिलिक लॅकर एक भाग, त्याचंच लेव्हलिंग (रंग सपाट पसरू देणारं) थिनर दोन भाग. दाब १२ ते १५ पीएसआय, अंतर ६ ते ८ सेंटिमीटर. पहिला हात धुक्यासारखा, खालचं दिसत राहावं. दहा मिनिटांनी दुसरा, दहा मिनिटांनी तिसरा. तिसऱ्यात झाकलं गेलं नाही तर चौथा नको. रंग जास्त पातळ झाला आहे किंवा त्याची झाकण्याची ताकदच कमी आहे. नारिंगीचं हेच होतं. नारिंगी, लाल, पिवळा हे रंग काळ्या किंवा राखाडी अस्तरावर सहा हात मारले तरी मळकट दिसतात. खाली पांढऱ्याचा एक पातळ हात द्या, वर नारिंगीचे दोन पुरतात.

एअरब्रशने वीतभर अंतरावरून फवारलं तर थेंब वाटेतच अर्धे वाळतात आणि पृष्ठभाग वाळूसारखा होतो. मॅट काळ्यात हे लपतं म्हणून कळत नाही, पण असा थर भुसभुशीत असतो. हवा दमट असेल तर लॅकर दुधाळ पडतं: थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग थंड होतो, वाफ त्यावर बसते. रिटार्डरचे (वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे) थोडे थेंब घाला किंवा दिवस बदला.

ओव्हन: आधी खोलीच्या तापमानाला तासभर. ओला रंग थेट गरम केलात तर आतलं थिनर बुडबुडे काढत बाहेर येतं. मग ६० ते ६५ अंश, दोन तास. छोट्या ओव्हनचं बटण ६० दाखवत असताना आत ८० असू शकतं, कारण कॉइल सुरू-बंद होते. काट्याशेजारी वेगळा थर्मामीटर ठेवा, आणि जाड लोखंडी पट्टी तापवून तिच्यावर भाग ठेवा म्हणजे चढउतार कमी होतो. त्या ओव्हनमध्ये पुन्हा खाण्याचं काही ठेवायचं नाही.

बसवताना डेलरिनचं (कडक प्लॅस्टिकचं) टोक असलेलं साधन, मध्ये पॉलिथिनचा पातळ तुकडा. मॅट रंग घासला की तिथे चमकतो आणि तो डाग जात नाही, म्हणून साधन फिरवू नका, सरळ दाबा.

झिलई

एवढा खटाटोप कशाला? वरून मोटारीचं टू-के (दोन घटक मिसळून घट्ट होणारं) क्लिअर मारा, दगडासारखं होतं. नाहीतर सेकंद काट्याला नखांचं जेल पॉलिश, यूव्ही दिव्याखाली एका मिनिटात तयार.

पितळी

झिलई, दगडासारखं होतं हे खरं, पण ते खालच्या थराइतकंच टिकतं. अस्तराने धरलं नसेल तर दगडासारखा टवका उडेल, एवढाच फरक.

टू-के मध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासातून गेला तर दमा जडू शकतो आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. साध्या कोळशाच्या मास्कवर विसंबून ते घरात फवारू नये, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तीन काट्यांसाठी हा जुगार कशाला.

जेल पॉलिश जाड बसतं, घट्ट होताना आकसतं, आणि गडद रंगात यूव्ही खालपर्यंत पोचत नाही. वरून कडक, तळाशी ओलं. ते मोज्यासारखं अख्खं उतरतं. साधं नेलपॉलिश लवचीक राहण्यासाठीच बनवलेलं असतं, त्यात प्लॅस्टिसायझर असतो. ते घड्याळाच्या बंद डब्यात मऊच राहतं.

ज्यांना लॅकरपेक्षा कणखर थर हवा त्यांनी अल्किड इनॅमल वापरावं. अॅक्रिलिक लॅकर फक्त वाळतं. थिनर उडालं की काम संपलं, आणि वर्षानंतरही अॅसिटोनने विरघळतं. इनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन आतून जोडलं जातं. २४ तास साधं वाळवून मग ८० अंशांवर दोन तास ठेवलं तर नखाला दाद देत नाही. पांढरा मात्र जास्त तापवला की पिवळसर होतो, त्याला ६५ च्या वर नेऊ नका. आणि इनॅमलवर लॅकर कधीही मारू नका, खालचा थर सुरकुततो. उलटं चालतं.

कोरीव

बेझलबद्दल. पाण्याचा अॅक्रिलिक रंग गुळगुळीत खाचेला धरत नाही आणि वाळताना आकसून भिंतींपासून सुटतो, म्हणून अख्खा अंक हातात आला. काट्यांचं तंत्र इथे लागू नाही. इथे रंग जाड हवा आणि खोल हवा.

बेझल केसमधून (घड्याळाच्या डब्यातून) काढा, गॅस्केट आणि क्लिकची (बेझल टकटक फिरवणारी) स्प्रिंग बाजूला. खाचा साबण आणि जुन्या टूथब्रशने, मग अॅसिटोनने. जुन्या घड्याळात खाचेच्या कोपऱ्यात त्वचेचं तेल आणि मळ दगडासारखा बसलेला असतो, लूपखाली दातकोरणीने काढा. नंतर शिवणाच्या सुईने खाचेच्या तळाला आडवे-तिडवे ओरखडे द्या, वरच्या कडेला न लागता.

इनॅमल घ्या. डबी ढवळू नका असं म्हणणारे भेटतील, कारण तळाचा घट्ट गाळ जास्त झाकतो. पण त्यात बाइंडर (रंगाचे कण धरून ठेवणारा घटक) कमी राहतो आणि रंग खडूसारखा होतो. नीट ढवळा. सुईच्या टोकावर थेंब घेऊन खाचेच्या मध्यावर टेकवा, तो आपोआप कोपऱ्यांत धावतो. खाच काठोकाठ, किंचित वर. शेजारी सांडलं तर सांडू द्या.

३० ते ४० मिनिटांनी पुसायचं. सुती कापड चपट्या खोडरबरावर ताणून गुंडाळा, व्हाइट स्पिरिटने (इनॅमलच्या थिनरने) फक्त ओलसर करा, गालाला लावलं तर गार वाटेल पण ओलं वाटणार नाही इतकंच. खाचेवरून एक सरळ फटकारा, मग कापडाची नवी जागा. बोटावर कापड गुंडाळून पुसाल तर कापड खाचेत घुसतं आणि मधला रंग उचलतं. ब्रश फिनिशचं स्टील असेल तर रंग त्या बारीक रेषांत अडकतो. शेवटचे फटकारे रेषांच्या दिशेने द्या. इनॅमल वाळताना खाली बसतं, म्हणून २४ तासांनी दुसऱ्यांदा भरा. मग ६५ अंशांवर तीन तास. गॅस्केट बाहेरच.

खाच ०.१ मिमीपेक्षा उथळ असेल तर पुसताना रंग राहतच नाही. तिथे पातळ इपॉक्सी, वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत रंगद्रव्याची पेस्ट, काठावर भरून अर्धवट रबरी झाल्यावर नव्या ब्लेडने सपाट कापायचं. इपॉक्सीचे दोन्ही भाग वजनकाट्यावर तोला. अंदाजे मिसळलेलं इपॉक्सी महिन्यानेही चिकट राहतं. बेझलची वरची सपाट बाजू मात्र रंगवायच्या फंदात पडू नका. ती बाहीला, टेबलाला, दाराला घासणारच.

काटकोन

सेकंद काट्याची नळी लूपखाली फाकलेलीच दिसतेय, दुसरा काटा घेतो. बाकी क्रम कळला. एक उपप्रश्न: सरावासाठी सुट्या भागांच्या डबीत जुने काटे आहेत, मध्ये तपकिरी, भेगाळलेलं ल्यूम, अंधारात अजिबात चमकत नाही. तेच घासून सराव करू का?

लंबक

नाही, हे काटे घासू नका आणि खरवडूही नका. चमक गेली म्हणजे रेडियम गेलं असं होत नाही. चमकणारं झिंक सल्फाइड काही वर्षांत जळून निकामी होतं, पण रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. १९६० च्या दशकापर्यंत ते काट्यांत सर्रास होतं. घासल्यावर होणारी धूळ नाकातोंडातून आत जाते, खरा धोका तोच. भेगाळलेलं ल्यूम आपोआपही गळतं, तेव्हा डबी उघडू नका. आहे तशी झाकणबंद पिशवीत घाला, हात धुवा, आणि हे काटे गायगर काउंटर असलेल्या माणसालाच तपासू द्या. काटे ज्या घड्याळातले त्याच्या डायलवर खालच्या कडेला 'स्विस' या शब्दाच्या दोन्ही बाजूंना टी असेल तर ट्रिटियम, त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, पण तेही घासायचं नाही.

सरावाला ०.१५ मिमी पितळी पत्र्याच्या पट्ट्या कापा, मधोमध ०.९ मिमी भोक पाडा. दाबाची चाचणीही त्यावरच होते.

कोरीव

केस बंद करण्याची घाई नको. रंग हाताला कोरडा लागला तरी आतून थिनर सुटत राहतं आणि बंद केसमध्ये ते काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर धरतं. ओव्हननंतरही रंगवलेले भाग काचेच्या छोट्या झाकणबंद बाटलीत २४ तास ठेवा, झाकण उघडून लगेच वास घ्या. थिनरचा वास आला तर आणखी तीन दिवस उघड्यावर, धूळ बसू नये म्हणून वर पालथी वाटी किंचित उचलून ठेवून, आणि मग पुन्हा बाटलीत.